कर्ज लपवू नका, लिहून काढा



आरोग्याच्या पानावर कर्जाचा विषय पाहून काही वाचकांना नवल वाटेल. पण आपल्या वस्तीत रात्री दोन वाजता जागा असणारा माणूस दवाखान्यात जातो तेव्हा काय सांगतो ते आठवून पाहा. झोप येत नाही, छातीत धडधडते, पित्त होते, डोके ठणकते, एवढेच तो सांगतो. उद्या गटाचा हप्ता आहे आणि घरात तीनशे रुपये आहेत, हे तो सांगत नाही. डॉक्टर पित्ताची गोळी देतात. गोळी संपते, हप्ता तसाच राहतो आणि झोपही तशीच उडालेली राहते.

कर्जाची काळजी महिनोन्‌महिने मनात दाबली की शरीर ती भोगू लागते. झोप तुटते, रक्तदाब वाढतो, मधुमेह असेल तर साखर आवरत नाही. हप्ता भरायचा म्हणून ताटातली डाळ पातळ होते, लेकरांचे दूध बंद होते, म्हाताऱ्या आईची रक्तदाबाची गोळी एक दिवसाआड होते. घरात चिडचिड, मारहाण, दारू वाढते. शाळेत जाणारा पोरगा कामाला लागतो. म्हणून कर्ज हा आरोग्याचाच प्रश्न आहे. त्यातही सर्वांत जास्त नुकसान करते ती कर्जाची लाज, कारण लाजेपायी माणूस उपाय असूनही उपाय करत नाही.

कमाई हंगामाची, हप्ता बारमाही

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. आपल्या घरांत कर्ज का होते? "आपल्या लोकांना पैसा टिकवता येत नाही" असे टोमणे आपण ऐकतो, कधी आपणच आपल्याला मारतो. पण वसमतच्या वर्षाचा हिशेब मांडला की वेगळेच दिसते.

वसमत हळदीचे गाव. २०२४ मध्ये वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले. फेब्रुवारीपासून हळद काढणे, शिजवणे, वाळवणे, घोळणे, मोंढ्यातली हमाली अशी कामे असतात. त्याआधी दिवाळीपासून उसाचा हंगाम. या महिन्यांत हातात चार पैसे येतात. पेरण्या झाल्या की काही दिवस निंदणी-खुरपणी. पण पावसाने ओढ दिली किंवा झड लागली की बाया-माणसे घरी बसून राहतात. बांधकाम थांबते, गवंड्याच्या हाताखालच्यालाही काम नसते. नेमक्या त्याच दिवसांत शाळेची वह्या-पुस्तके येतात, पत्रे गळतात, लेकरांना ताप येतो.

कमाई अशी हंगामाची आणि गटाचा हप्ता मात्र दर आठवड्याला, पंधरवड्याला किंवा महिन्याला ठरलेला. त्या दिवशी काम लागले होते का, हे हप्ता विचारत नाही. मग पहिल्या कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचे कर्ज, दुसरीचा भरायला सावकाराचे पैसे, असा फेरा सुरू होतो. त्यात एखादे आजारपण, एखादे लग्न किंवा रमाई आवास घरकुलाचा अडकलेला हप्ता येतो आणि फास आवळतो. अर्धवट भिंती उभ्या असतात, वाळू-सिमेंटवाल्याचे पैसे थकलेले असतात, अनुदान यायचे असते.

यात खर्चाच्या चुका नसतात असे नाही. दारू, मटका, मोबाईलवरचा जुगार, ऐपतीबाहेरचे लग्न यांनी बुडालेली घरेही आपण पाहतो. त्यावर बोललेच पाहिजे. पण कमी आणि अनियमित मजुरी हे कर्जाचे मोठे मूळ आहे. त्यासाठी तोंड लपवण्याचे कारण नाही.

लाज कशाची बाळगायची?

आपला समाज स्वाभिमानाच्या चळवळीतून उभा राहिला. त्यामुळे इज्जतीला आपण जपतो आणि ते योग्यच आहे. पण हीच जपणूक कधी उलटी फिरते. "बाबासाहेबांची लेकरे आपण, लोक काय म्हणतील?" म्हणून बायको नवऱ्यापासून गटाचे कर्ज लपवते. नवरा बायकोपासून सावकाराचे लपवतो. मुलगा दोघांपासून मोबाईलवरच्या ॲपचे लपवतो. घर एक आणि कर्जाच्या चोरट्या वाटा तीन. सावकाराला आणि वसुलीवाल्याला हेच हवे असते. घरात कळू नये म्हणून माणूस मुकाट्याने वाढीव व्याज देतो, कोऱ्या कागदावर सही करतो, चौकात अपमान झाला तरी तक्रार करत नाही.

धम्मात लाजेला जागा आहे. हिरी म्हणजे वाईट कृत्य करायला लाजणे, आणि ओत्तप्प म्हणजे त्याच्या परिणामांची भीती बाळगणे. चोरी करायला, खोटे बोलायला, दुसऱ्याला लुबाडायला लाजावे. गरिबीला लाजावे असे भगवंतांनी सांगितले नाही. बुद्धाने दारिद्र्याचे गोडवे गायले नाहीत, हे बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात आवर्जून मांडले आहे.

कर्जाविषयी तर तथागत फार स्पष्ट बोलले. अंगुत्तर निकायातील इण सुत्तात त्यांनी दुःखाची साखळीच दाखवली आहे. दारिद्र्य हे दुःख, त्यातून काढलेले कर्ज हे दुःख, मग व्याज, मग तगादा, मग माणूस मागे लागणे आणि शेवटी बंधन. आजच्या वसुलीचे हे हुबेहूब वर्णन आहे. त्याच निकायातील अनण सुत्तात अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखे सांगितली आहेत. स्वकष्टाचे धन असण्याचे सुख, ते धन उपभोगण्याचे आणि सत्कार्याला लावण्याचे सुख, कोणाचे देणे नसण्याचे सुख आणि निर्दोष आचरणाचे सुख. कोणाचे देणे नसणे हे अडीच हजार वर्षांपूर्वी सुखांच्या यादीत बसले, याचा अर्थ कर्जाचा त्रास तेव्हाही घरोघरी होता.

आणि स्वतः बाबासाहेब? १९२० मध्ये अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा स्वतःची बचत आणि छत्रपती शाहू महाराजांची मदत पुरेशी नव्हती. नवल भथेना या पारशी मित्राकडून त्यांनी पाच हजार रुपये कर्ज घेतले. गरज होती, ती त्यांनी विश्वासाच्या माणसापुढे मांडली, पैसे घेतले आणि ते कारणी लावले. गरजेला मदत मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. मग तो आपल्याला का वाटावा?

पहिले पाऊल: एका माणसाला सांगा

कर्ज फेडण्याची सुरुवात पैशाने होत नाही, बोलण्याने होते. सगळ्या वस्तीला सांगायची गरज नाही. एकच माणूस निवडा. शक्यतो तो घरातलाच असावा, नवरा, बायको, मोठी मुलगी, भाऊ. घरात मारहाणीची भीती असेल तर बहीण, माहेरचे माणूस, गटातली विश्वासाची बाई, आशाताई किंवा विहारातले एखादे जाणते माणूस निवडा.

वेळ निवडताना काळजी घ्या. भांडणात, दारू प्यायलेल्या माणसापुढे किंवा हप्त्याच्या दिवशी सकाळी हा विषय काढू नका. जेवणे झाल्यावर शांतपणे म्हणा, "मला एक गोष्ट सांगायची आहे. आधी सगळं ऐकून घे, मग बोल. मी कर्ज काढलंय आणि आता मला एकट्याला झेपत नाही." इतके म्हटले तरी पुरे. आकडे दुसऱ्या दिवशी सांगा.

ऐकणाऱ्याचेही काम आहे. "आधी का नाही सांगितलंस" हा प्रश्न त्या रात्री विचारू नका. त्या प्रश्नाने समोरचा उरलेले कर्ज पोटातच ठेवतो. "बरं झालं सांगितलंस, उद्या वही घेऊन बसू" असे म्हणा.

दुसरे पाऊल: कर्जाची वही

मुलांची एक शंभर पानी वही घ्या. ज्याला लिहिता येते त्याने लिहावे. प्रत्येक देण्यासाठी एक ओळ आणि सहा रकाने. कोणाचे, किती घेतले, व्याज काय, आतापर्यंत किती दिले, किती राहिले, आणि तारण किंवा सही काय दिली. हप्ता पुस्तिका, लोन कार्ड, पावत्या, मोबाईलवरचे मेसेज सगळे जवळ घेऊन बसा. दुसऱ्या बाईसाठी आपल्या नावावर काढून दिलेले कर्जही लिहा. कागदावर सही आपली असेल तर कंपनी आपल्यालाच विचारते.

समजा, एका घराची वही अशी निघाली. महिन्याची सरासरी कमाई १४,००० रुपये.

सावकार: ३०,००० रुपये, शेकडा ५. सोळा महिने झाले. दर महिन्याला १,५०० रुपये व्याज दिले. मुद्दल तसेच ३०,०००.

पहिली कंपनी: ४०,००० रुपये, २४ हप्ते, महिना २,११५ रुपये. दहा हप्ते बाकी, म्हणजे २१,१५०.

दुसरी कंपनी: ३०,००० रुपये, २४ हप्ते, महिना साधारण १,५९०. वीस हप्ते बाकी, म्हणजे ३१,८००.

किराणा उधारी: ६,००० रुपये.

मावशीकडून हातउसने: १०,००० रुपये, व्याज नाही.

एकूण बाकी ९८,९५० रुपये. रात्री अंथरुणात पडून मोजताना हेच कर्ज दोन लाख वाटत होते. भीती आकडा फुगवते, वही तो जागेवर आणते.

आता वही काय दाखवते ते पाहा. कंपनीच्या हप्त्यात मुद्दल दर महिन्याला कमी होते आहे. सावकाराच्या पैशात नाही. शेकडा ५ म्हणजे शंभराला महिन्याला पाच, वर्षाला साठ. सोळा महिन्यांत १,५०० प्रमाणे २४,००० रुपये गेले आणि एक रुपयाही फिटला नाही. शेकडा १० असेल तर वर्षाला मुद्दलापेक्षाही जास्त, शंभराला एकशेवीस. "महिन्याला फक्त दीड हजार" म्हणून जे सोपे वाटत होते, तेच या घराला सर्वांत महाग पडले आहे.

आपल्या नावावर आपल्याला माहीत नसलेले कर्ज आहे का, अशी शंका असेल तर सिबिलसारख्या पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो. मोबाईल चालवणाऱ्या मुला-मुलीकडून तो काढून घ्या.

तिसरे पाऊल: भर घालणे थांबवा, क्रम लावा

जुने फेडायला नवे कर्ज घेणे आजपासून बंद. कंपनीचा माणूस "जुनं मिटवून मोठं लोन देतो" म्हणाला तरी वही पाहिल्याशिवाय सही करू नका. घरातला दुसरा माणूस हो म्हणेपर्यंत अंगठा किंवा ओटीपी द्यायचा नाही, असा घराचा नियम करा.

मग पैसे कुठे आधी द्यायचे, याचा क्रम लावा. सर्वांत आधी धान्य, औषधे, वीज आणि मुलांची शाळा. औषध बंद करून भरलेला हप्ता पुढे दवाखान्याचे मोठे कर्ज आणतो. त्यानंतर जिथे गहाण ठेवलेले सोने किंवा घर जाण्याची भीती आहे ते. मग सर्वांत जास्त व्याजाचे. हातउसने देणाऱ्या नातेवाइकाला तोंड चुकवू नका, "दिवाळीनंतर महिन्याला पाचशे देतो" असे सांगा आणि पाळा.

वरच्या घराने हळदीच्या तीन महिन्यांत रोजचा खर्च भागवून दरमहा ५,००० रुपये बाजूला काढले, तर १५,००० रुपये होतात. ते सावकाराच्या मुद्दलात घातले की मुद्दल अर्धे होते आणि व्याज १,५०० वरून ७५० वर येते. पावसाळ्यात हे सुटलेले साडेसातशे रुपये म्हणजे घराचा महिन्याचा तेल-डाळीचा आधार. मात्र पैसे देताना "हे मुद्दलात" असे लिहून पावती घ्यायची.

दीघजाणू नावाच्या कोलिय गृहस्थाला भगवंतांनी हेच सांगितले होते. तराजू धरणाऱ्याप्रमाणे जमा आणि खर्च यांवर नजर ठेवावी, जमेपेक्षा खर्च वर जाऊ देऊ नये. आपल्या वहीची उजवी बाजू कर्जाची असेल, तर डाव्या बाजूला रोजची जमा आणि खर्च लिहायला लागा. दारूवर, तंबाखू-गुटख्यावर, जुगारावर महिन्याला किती जातात तेही खरे लिहा. पाचवे शील पाळणे हा त्या घराचा सर्वांत स्वस्त औषधोपचार ठरू शकतो.

चौथे पाऊल: आपला हक्क ओळखून बोला

देणे नाकारायचे नाही. पण किती, कसे आणि कोणत्या भाषेत मागायचे याला कायदा आहे.

सावकाराबाबत: महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ प्रमाणे परवान्याशिवाय व्याजाने पैसे देणे हा गुन्हा आहे. परवानाधारक सावकारालाही व्याजाची मर्यादा आहे. शेतकऱ्याला तारण कर्ज असेल तर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२ टक्के. इतरांना तारण १५ आणि विनातारण १८ टक्के. व्याजावर व्याज लावता येत नाही आणि एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त घेता येत नाही. वरच्या उदाहरणात १८ टक्क्यांनी महिन्याचे व्याज ४५० रुपये होते, घेतले १,५००. सोळा महिन्यांत ७,२०० रुपये व्हायला हवे होते, गेले २४,०००. म्हणजे १६,८०० रुपये जास्तीचे. हा हिशेब वहीत असेल तरच तो कुणापुढे ठेवता येतो. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या बाँडवर सही घेणे, वसुलीसाठी छळ करणे यालाही शिक्षा आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे किंवा हिंगोलीला जिल्हा उपनिबंधकांकडे लेखी द्यायची आणि पोच घ्यायची. सावकारीत गेलेली जमीन परत मिळवण्यासाठीही, १५ वर्षांच्या आतला व्यवहार असेल तर, याच कायद्याने अर्ज करता येतो.

गटाच्या कर्जाबाबत: गटाला कर्ज देणाऱ्या बँका आणि कंपन्यांना रिझर्व्ह बँकेचे नियम लागू आहेत. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला असे कर्ज विनातारण मिळते. घराच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होत असतील, तर नवे कर्ज देता येत नाही. लोन कार्ड आपल्याला समजणाऱ्या भाषेत मिळाले पाहिजे. मुदतीआधी कर्ज फेडले तर दंड नाही. वसुली ठरलेल्या ठिकाणीच व्हावी. तुम्ही सलग दोन वेळा तिथे गेला नाहीत तरच माणूस घरी किंवा कामाच्या ठिकाणी येऊ शकतो. सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर तगादा लावता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना किंवा शेजाऱ्यांना त्रास देणे, थकबाकीदार म्हणून नाव जाहीर करणे, हे सगळे मना आहे.

हप्ता जमत नसेल तर बैठक चुकवू नका. तोंड चुकवले की घरी येण्याची वाट आपणच मोकळी करतो आणि गटातल्या बायांवर बोजा पडतो. त्याआधीच शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. "मला कर्ज बुडवायचे नाही. सध्या महिन्याला इतकेच जमतात. मुदत वाढवून हप्ता कमी करून द्यावा." कर्ज घेताना विम्याचे पैसे कापले असतील तर तेही विचारा. घरातला कमावता माणूस गेला असेल तर विम्यातून कर्ज मिटू शकते, आणि अशी कित्येक कुटुंबे माहिती नसल्याने हप्ते भरत राहतात. कंपनीने ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला फी नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

मोबाईल ॲपबाबत: पाच मिनिटांत पाच हजार देणारी अनेक ॲप बोगस असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कर्जाच्या ॲपला तुमचे फोन नंबर आणि फोटो उघडता येत नाहीत. फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी आली तर पैसे पाठवू नका, कारण एकदा दिले की मागणी वाढते. मेसेज जपून ठेवा आणि १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. सर्वांत मोठा उपाय म्हणजे आपणच आधी घरच्यांना आणि मित्रांना सांगणे की माझ्या नावाने काही घाणेरडे आले तर ते खोटे आहे. लपवण्यासारखे काही उरले नाही की धमकीचा दात पडतो.

उचलीबाबत: ऊसतोडीसाठी किंवा वीटभट्टीसाठी घेतलेली उचल फिटली नाही म्हणून कुणाला डांबून ठेवणे, बाई-लेकराला कामाला जुंपणे हा १९७६ च्या वेठबिगार पद्धती (निर्मूलन) कायद्याने गुन्हा आहे. तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे तक्रार करा.

आणखी तीन गोष्टी मनात पक्क्या ठेवा. केवळ हप्ता थकला म्हणून पोलीस अटक करत नाहीत. हा दिवाणी मामला आहे. दिलेला चेक परत गेला आणि वकिलाची नोटीस आली तर मात्र गप्प बसू नका, पंधरा दिवसांची मुदत असते. आणि वसुली करताना कुणी चारचौघांत जातीवरून अपमान केला तर १९८९ चा अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध कायदा आहेच. वकिलाला पैसे नाहीत ही अडचण समजू नका. अनुसूचित जातींच्या व्यक्तींना आणि सर्व स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदत मिळते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या यादीत स्थान आहे, त्यामुळे हा हक्क आपला आहे. न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीत जा किंवा १५१०० वर फोन करा.

दवाखान्याचे नवे कर्ज टाळा

आपल्या घरांतली पुष्कळ कर्जे दवाखान्यातून सुरू होतात. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. रक्तदाब आणि मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांसाठी आधी तिथेच जा. मोठे ऑपरेशन सांगितले तर सोने गहाण ठेवण्याआधी दोन प्रश्न विचारा. हा आजार महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का? हे रुग्णालय योजनेत आहे का? योजनेची माहिती १५५३८८ वर मिळते. नांदेडला विष्णुपुरीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आपल्याला जवळ आहे. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणे बंधनकारक आहे. तिथल्या समाजसेवा कार्यकर्त्याला भेटा.

बँकेत खाते असेल तर वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, हे दोन्ही प्रधानमंत्री योजनेतले, काढून ठेवा. दोन्हींत दोन लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. हळदीच्या हंगामात हे पैसे सहज निघतात.

वर्षावासात एक संध्याकाळ

आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात ग्रंथवाचन चालते. नेमके हेच महिने कामाच्या तोट्याचे आणि हप्त्याच्या ओढीचे असतात. वाचनानंतरची एक संध्याकाळ 'कर्जाच्या वही'साठी ठेवता येईल. कुणाचे कर्ज कुणी वाचून दाखवायचे नाही, नाव विचारायचे नाही. शिकलेल्या मुला-मुलींनी फक्त व्याजाचा हिशेब, अर्ज लिहिणे आणि लोन कार्ड वाचणे शिकवायचे. विधी सेवा समितीच्या वकिलांना बोलवायचे. महिला बचत गटांनी हंगामात बचत वाढवून पावसाळ्यात अंतर्गत कर्ज देण्याची सोय करावी, म्हणजे दोन हजारांसाठी कुणाला सावकाराच्या दारात जावे लागणार नाही.

लग्नाचाही विचार तिथेच व्हावा. बौद्ध विवाहविधीला खर्च लागत नाही, खर्च लागतो तो मंडप, डीजे, आहेर आणि पंगतीला. वस्तीतल्या दोन-चार जाणत्या घरांनी साधे लग्न लावले की बाकीच्यांची लाज आपोआप कमी होते.

जीव आधी, कर्ज नंतर

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. कर्जाच्या ओझ्याखाली एखादा माणूस अबोल होतो, जेवण सोडतो, "माझ्यामागे तुमचं बरं होईल" असे बोलतो, वस्तू वाटून टाकतो, अचानक सगळ्यांचा निरोप घेतल्यासारखे वागतो. अशा वेळी दुर्लक्ष करू नका. सरळ विचारा, "जिवाचं काही बरंवाईट करायचा विचार येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन मोकळे होते. त्याला एकटे सोडू नका. फवारणीची औषधे घरातून हलवा, कुलपात ठेवा. १४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक दिवसरात्र आणि मोफत चालू असतो, मराठीत बोलता येते. धोका जवळ वाटला तर लगेच सरकारी रुग्णालयात न्या किंवा ११२ लावा.

कर्जाला मुदत वाढवून मिळते, हप्ता कमी करून मिळतो, लोकअदालतीत तडजोड होते. गेलेला माणूस परत मिळत नाही, आणि त्याच्या मागे तगादा त्याच्या लेकरांना सोसावा लागतो.

या आठवड्यात एवढेच करा. एक वही आणा, एका माणसाला सांगा आणि पहिली ओळ लिहा.

हे क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा

मनावर ताण, जगणे नकोसे वाटणे: टेली-मानस १४४१६
तातडीची मदत: ११२
मोफत कायदेशीर मदत: १५१००
मोबाईल ॲपचा छळ, ऑनलाइन फसवणूक: १९३०
बँक किंवा वित्त कंपनीविरुद्ध तक्रार: १४४४८
जन आरोग्य योजना: १५५३८८
सावकाराविरुद्ध तक्रार: सहायक निबंधक, सहकारी संस्था, वसमत

जयभीम! नमो बुद्धाय!